बोलक्या भिंती आणि खोक्यातली चित्रं

लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं म्हटलं की आमच्याकडे पहिला खर्च होतो तो तक्त्यांवर आणि रंगावर. ग्रामपंचायतीकडून निधी आला, रंगवा भिंती. कुणा पालकाला पोराच्या वाढदिवसाला शाळेला काही द्यायचंय, आणा तक्ते. 'बोलक्या भिंती' हे नाव ज्याने काढलं त्याचा हेतू चांगलाच असणार, पण आमच्या शाळेत आता वीतभर भिंत मोकळी राहिलेली नाही. वऱ्हांड्याच्या खांबांवर आकडे, पायऱ्यांवर वारांची नावं, हात धुवायच्या नळांवर फळं आणि वर्गात एका ओळीत ए फॉर अॅपल ते झेड फॉर झेब्रा.

मी चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. गाव तापी आणि सातपुड्याच्या मधल्या पट्ट्यातलं. काळी जमीन, केळी, कापूस. वर्गातली बरीचशी मुलं घरी अहिराणी बोलतात. काही मुलं पावरा या आदिवासी समाजातली आहेत, त्यांचे आईवडील केळीच्या कामासाठी डोंगरातून खाली येऊन शेतातच राहतात, त्यांच्या घरात पावरी. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे या मुलांपुढे शाळेच्या पहिल्याच वर्षी दोन भाषा एकदम उभ्या राहतात, एक पुस्तकातली मराठी आणि दुसरी इंग्रजी. हे लक्षात घेतलं तर चित्रांचं महत्त्व कुणी वेगळं सांगायला नको. प्रश्न आहे तो चित्रं कुठे असावीत आणि त्यांचं करायचं काय, याचा.

तक्त्यांना नावं ठेवणारे बहुतेक लोक इग्लूवर घसरतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या मुलखात इग्लू कशाला, याक कशाला, झायलोफोन कुणी पाहिलाय, वगैरे. मला ही तक्रार फारशी पटत नाही. डायनासोर तरी कुणी पाहिलाय? तरी पोरं डायनासोरवर जीव टाकतात. बर्फाचं घर असतं म्हटल्यावर माझ्या वर्गातल्या मुलींनी पहिला प्रश्न विचारला, 'चूल पेटाडी तर घर वितळाव नई का?' इतका चांगला प्रश्न अॅपलने कधी उभा केला नव्हता. परक्या चित्राचं वावडं मुलांना नसतं, ते आपल्याला असतं.

माझं भांडण वेगळं आहे. भिंतीवरच्या चित्राचं मुलाला काही करता येत नाही. ते उचलता येत नाही, लपवता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, चुकीच्या ठिकाणी ठेवता येत नाही. जूनमध्ये मुलं त्याच्याकडे बघतात, पोळ्यापर्यंत ती नुसती भिंत होऊन जाते. पाहुणे आले की मात्र पोरं खड्या आवाजात अख्खा तक्ता म्हणून दाखवतात. मधलंच एखादं चित्र झाकून विचारा, मुलं मनातल्या मनात ए पासून चालत येतात आणि मग त्या जागेवर थांबून उत्तर देतात. त्यांना ती ओळ येते, शब्द येतो असं म्हणता येणार नाही.

म्हणून मी चित्रं खाली घेतली. आमच्या भागात एका गोष्टीची कमी नाही, ती म्हणजे केळीची खोकी. बाहेरगावी माल जातो तो पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, आणि फाटकी, दबलेली खोकी कुणाच्याही खळ्यावर मागितली की मिळतात. पुठ्ठा जाड, मुलांच्या हातात वाकत नाही. तळहातापेक्षा थोडी मोठी पत्ती कापायची आणि वर चित्र चिकटवायचं. चित्रं कुठून? बियाण्यांच्या पाकिटांवर वांगी, मिरची, भेंडी, टरबूज यांचे इतके झकास फोटो असतात की छापील तक्त्याने लाजावं. बिस्किटांचे पुडे, साबणाची वेष्टणं, जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिकांवरचे हत्ती आणि मोर. एकच पथ्य मी कडक पाळते: फवारणीच्या औषधांची खोकी, पुड्या, लेबलं वर्गात येऊ द्यायची नाहीत, ती कितीही रंगीत असोत. बियाण्याच्या पाकिटांतही औषध चोळलेल्या बियाण्याची नकोत, मग ते कपाशीचं असो की भाजीचं. मुलं पत्त्या चावतात.

चिकटवायला खळ वापरू नका, उंदीर पत्त्या खातात.

आता बनाना. तक्त्यावर पिवळीजर्द तीन केळी असतात. आमच्या मुलांनी केळं सगळ्यात जास्त पाहिलंय ते हिरवं, घडात लटकलेलं, बापाच्या खांद्यावर. माल इथून हिरवाच जातो आणि दुसरीकडे पिकवला जातो. मी हिरव्या घडाचा फोटो दाखवून 'व्हॉट इज धिस?' विचारलं, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, 'माल!' त्या मुलाचं काय चुकलं? त्याच्या घरात तोच शब्द आहे. म्हणून आता प्रत्येक शब्दाला मी एक पत्ती करत नाही, तीन-चार करते. हिरवा घड, पिवळी फणी, सोललेलं केळं, आणि मी स्वतः काढलेलं काळं-पांढरं वेडंवाकडं केळं. सगळ्यांना मिळून बनाना. त्यात मुद्दाम एक पिवळी मिरची आणि एक पिवळा चेंडू मिसळायचा. एकच चित्र दाखवलं की मुलाला कळत नाही की मॅडम पिवळ्या रंगाला बनाना म्हणतात, वाकड्या आकाराला म्हणतात की खायच्या वस्तूला. चार चित्रं समोर ठेवली, त्यात एक उपरं, की ते स्वतःच निवड करतं. शब्द पक्का होतो तो त्या निवडीच्या क्षणी. ते उपरं चित्र मुलाने बाहेर काढलं, 'नो बनाना' म्हणालं, तर मी व्याकरण दुरुस्त करत बसत नाही. दिवाळीनंतर बघू.

चित्रांवरून भाषा शिकवायची ही कल्पना काही आजची नाही. मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, कोमेनियस या शिक्षकाने १६५८ मध्ये न्यूरेंबर्गहून मुलांसाठी चित्रांचं एक पुस्तक छापलं, 'ऑर्बिस पिक्टस' नावाचं, लॅटिन आणि जर्मन शिकवायला. पुढच्याच वर्षी त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. शिक्षणाच्या इतिहासात त्याचं नाव सगळे घेतात, पण मला त्यातल्या दोन गोष्टी फार कामाच्या वाटतात. एक, त्याची मुळाक्षरं. ए साठी त्याने सफरचंद घेतलेलं नाही, कावळा घेतलाय, कारण कावळा आ आ करतो. बी साठी कोकरू, ते बे बे करतं. म्हणजे चित्र पाहिल्यावर मुलाने आवाज काढायचा आणि तोच त्या अक्षराचा आवाज. दुसरी गोष्ट, त्याच्या चित्रांत प्रत्येक वस्तूला आकडा दिलेला असतो आणि खालच्या मजकुरात त्याच आकड्याशेजारी तिचा शब्द. मूल बोट ठेवून चित्रातून शब्दाकडे आणि शब्दातून चित्राकडे फिरू शकतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं चित्रसुद्धा मुलाच्या बोटाला काम देत होतं, आणि आपण ऑइलपेंटने रंगवून ते उंचावर नेऊन ठेवलं.

मी आकड्यांची युक्ती आठवडे बाजाराच्या चित्रावर वापरली. मोठ्या कागदावर बाजार काढला, वस्तूंना आकडे टाकले, शब्द लिहिले नाहीत. 'नंबर सेव्हन?' असं ओरडलं की पोरं धावत येऊन बोट ठेवतात आणि 'टोमॅटो' म्हणतात. आकडे आणि भाजी, दोन्ही एकदम. आमच्या मुलांना 'थ्री' शिकवावा लागत नाही हे जाता जाता सांगते. शेतीची थ्री फेज लाईट आली की गल्लीत 'लाईट उनी, लाईट उनी' असा गलका होतो आणि बाप स्टार्टरकडे पळतो. व्हॉल्व्ह, फिल्टर, लॅटरल, मोटर, पाईप, हे शब्द त्यांच्या तोंडात शाळेत यायच्या आधीपासून आहेत. मी ते सगळे पत्त्यांवर घेतले. ज्या मुलाला वाटतं आपल्याला इंग्रजीतलं काहीच येत नाही, त्याच्या हातात आधी 'पाईप' द्यावा. तो छाती काढून सांगतो.

वस्तूंपुरतं हे सोपं आहे. अडतं ते गुणांवर. 'रेड' म्हणून लाल चेंडू दाखवला की मूल रेड म्हणजे चेंडू समजतं. त्यासाठी लाल मिरची, कुंकवाची डबी, एसटी, विटा अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या लाल गोष्टी एकत्र दाखवाव्या लागतात. 'थिक' आणि 'थिन'साठी मी चित्रंच काढत नाही. ठिबकच्या सोळा एमएमच्या नळीचा तुकडा आणि मेन लाईनच्या पीव्हीसी पाईपचा तुकडा, दोन्ही टेबलावर. वस्तू हाताशी असताना तिचं चित्र काढणं हा उगाच उद्योग आहे. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाड्या चालवल्या त्या पानं, फुलं, बिया, खडे असल्या आसपासच्या वस्तूंवरच. विकतच्या साधनांची वाट बघत बसल्या असत्या तर काहीच झालं नसतं.

'हॉट' मात्र चित्रात येतच नाही. सूर्य काढला तर मुलं 'सन' म्हणतात, चूल काढली तर 'फायर'. उपयोगी पडला तो उनपदेवचा फोटो. अडावदजवळचा गरम पाण्याचा झरा आमच्या सगळ्या मुलांना माहीत आहे, घरच्यांबरोबर नाहीतर सहलीला तिथे पाय बुडवून झालेले असतात. फोटो दाखवल्याबरोबर एकीने पाय वर उचलले आणि 'आईऽऽ' केलं. मी तेवढ्यात 'हॉट!' म्हणाले. फोटोत गरमपणा कुठेच नव्हता, तो तिच्या पायात होता. तेव्हापासून गुणाचं चित्र निवडताना मी एवढंच बघते की मुलांच्या अंगाला ते आठवतं का.

क्रियापदांची कथा आणखी वेगळी, आणि इथे मला माझ्या वर्गातल्या एका पावरा मुलाबद्दल लिहायचंय. तो पावसाळ्याच्या मध्यावर दाखल झाला. बोलायचाच नाही. मराठीत विचारलं तरी गप्प, अहिराणीत विचारलं तरी गप्प, मग इंग्रजीची काय कथा. आधी मला वाटायचं लाजतोय. मी तेव्हा केळी भरण्याच्या कामाच्या पत्त्या करत होते: घड कापणं, खांद्यावरून वाहणं, फण्या वेगळ्या करणं, पाण्यात धुणं, खोक्यात भरणं. 'कट, कॅरी, वॉश, पॅक.' पत्त्या मिसळून टाकल्या आणि क्रमाने लावायला सांगितल्या. बागायतदारांच्या मुलांनी धुणं कापण्याच्या आधी लावलं. हा उठला, पत्त्या सरळ केल्या आणि प्रत्येक पत्तीवर ते काम हाताने करून दाखवलं. खांद्यावर घड घेताना मान कशी तिरकी होते तेसुद्धा. मी नुसती त्याच्या हातांबरोबर शब्द म्हणत गेले. दुसऱ्या दिवशी तो 'कॅरी' म्हणाला. शाळेत उच्चारलेला त्याचा पहिला शब्द तो.

आपण इंग्रजी शब्द आला की सवयीने लगेच त्याचा मराठी अर्थ सांगून मोकळे होतो. वर्गातल्या बहुतेकांना त्याचा आधार मिळतो, हे खरंच आहे. पण ज्याला मराठीच अजून परकी आहे त्याच्यापुढे आपण एका कुलपाच्या किल्लीसाठी दुसरं कुलूप ठेवतो. चित्राला मधली भाषा लागत नाही. पावरी बोलणारा आणि अहिराणी बोलणारा त्याच्यापुढे एका रांगेत बसतात. माझ्या मते चित्रांचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, आणि शिक्षण परिषदेत साहित्याची प्रदर्शनं भरतात तेव्हा याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तिथे थर्माकोल किती सुबक कापलाय याला गुण असतात.

अभ्यासकांनी यावर लिहिलंय. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ अॅलन पैव्हिओ यांनी १९७१ मध्ये मांडलं की आपलं मन शब्द आणि प्रतिमा अशा दोन वाटांनी गोष्टी साठवतं, आणि दोन्ही वाटांनी आलेली गोष्ट जास्त टिकते. फ्लॅशकार्डांचा पुरस्कार करणारे सगळे याचाच आधार घेतात. पण अमेरिकेतल्या सॅम्युएल्स यांनी १९६७ मध्ये मुलांवर केलेला एक प्रयोग तेवढाच महत्त्वाचा आहे आणि तो कुणी सांगत नाही. छापील शब्द वाचायला शिकताना शेजारी चित्र असेल तर वाचनात कच्ची मुलं तो शब्द कमी शिकतात, असं त्यांना दिसलं. कारण उघड आहे. मूल चित्राकडे बघून 'कॅट' म्हणतं, अक्षरांकडे बघायची त्याला गरजच पडत नाही. आपल्याला वाटतं पोरगं वाचतंय.

म्हणजे अर्थ कळण्यासाठी चित्र हवं आणि वाचन येण्यासाठी ते दूर व्हायला हवं. बाजारातल्या प्रत्येक तक्त्यावर मात्र चित्र आणि स्पेलिंग शेजारी शेजारी, जन्मभरासाठी. माझ्या पत्त्यांवर पुढच्या बाजूला फक्त चित्र असतं. पहिले काही महिने आम्ही नुसतं बोलतो, ऐकतो, शोधतो. शब्द तोंडात रुळला की मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात तो लिहायचा, तोही मुलांसमोर. मग खेळ उलटा: अक्षरं वर, चित्र खाली. वाचा, आणि बरोबर आहे का ते पत्ती पालथी करून स्वतःच बघा. मला विचारायला यायचं नाही. ही शेवटची अट पोरांना फार आवडते.

रोजच्या खेळांत सगळ्यात जास्त चालतो तो फळ्यावरचा. माझी चित्रकला दिव्य आहे आणि ती इथे कामी येते. मी एक वाकडी रेघ काढते आणि थांबते. 'इज इट अ स्नेक?' 'नो.' आणखी एक रेघ. 'रोप?' 'नो.' दोन कान. 'कॅट! रॅट! रॅबिट!' वर्ग डोक्यावर. शेवटी ती म्हैस निघते आणि सगळे मला हसतात. पण मधल्या पाच मिनिटांत मुलांनी आठ-दहा शब्द आपणहून वापरलेले असतात, ते न विचारता. सुबक छापील चित्र पहिल्याच नजरेत सगळं सांगून टाकतं, मग मुलांनी बोलायचं कशासाठी? आता मुलंही येऊन काढतात. एका मुलीने सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा काढायला घेतला आणि निम्म्यात 'नो, नो, वेट' म्हणाली. 'वेट' मी शिकवलेला नव्हता. माझ्याच तोंडून उचलला असणार, रांगेत मी दिवसभर तेच म्हणत असते.

शाळेत स्मार्ट टीव्हीसुद्धा आहे. लाईट असली की चालतो. गाणी लावली की मुलं गुंग होतात, पण गुंग झालेलं मूल बोलत नाही. मी तो फोटो मोठा करून दाखवण्यापुरता वापरते.

पालकांचं काय? पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाणारी पोरं टाय लावून 'मे आय गो टू टॉयलेट' म्हणतात, आणि आमची पुठ्ठ्याच्या पत्त्या खेळतात. एका मुलाचे आजोबा शाळेच्या फाटकाशी थांबून म्हणाले, 'मॅडम, हाऊ पोऱ्या नुसता चित्रं काढस. इंग्लिश कव्हय शिकी?' मी म्हटलं, 'अप्पा, आत या, बसा.' पोराला सांगितलं, आजोबांना मळ्यात ने. त्याने टेबलावर मळ्याच्या पत्त्या मांडल्या आणि एकेक नाव घेत गेला. वेल, पाईप, काऊ, ट्री, डॉग. अप्पांनी विहिरीच्या पत्तीवर बोट ठेवून पुन्हा विचारलं, 'हाई काय?' 'वेल.' अप्पा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की विहिरीला पाणी नई शे, ते कसं सांगशी? तो अडला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून 'नो वॉटर' केलं. आता अप्पा अधूनमधून येतात आणि अवघड प्रश्न टाकून जातात. त्यांच्यासाठी मी खुर्ची ठेवलीय.

सध्या माझी गाडी अडलीय ती 'बिहाइंड'वर. 'ऑन', 'इन', 'अंडर' खोक्याने आणि चेंडूने भागले. पण झाडामागे गाय काढली की गाय दिसत नाही, आणि अर्धी दाखवली की मुलं म्हणतात ती झाडाशेजारी आहे. बैलगाडीच्या मागे कुत्रा काढला तर निम्म्या वर्गाच्या मते तो बिहाइंड, आणि उरलेल्यांच्या मते तो डावीकडे, कारण कागदावर तो डावीकडेच असतो. प्रत्यक्ष मुलांना एकामागे एक उभं केलं तर सगळ्यांना बरोबर येतं, कागदावर आलं की घोळ. माझा अंदाज असा की कागदावरच्या गाडीला पुढची-मागची बाजू आहे हे मान्य करायलाच काही मुलांना वेळ लागतो. कुणी पहिली-दुसरीला शिकवत असेल आणि यावर एखादं साधं चित्र सुचलं असेल तर कळवा. केळीच्या बागेतलं असेल तर उत्तमच, तिथे ओळी असतात.